पहिली ग्रॅव्हल सायकल : इलेक्ट्रॉनिक गिअर घ्यावेत की केबलचे?

प्रश्न (सातारा)

नमस्कार. मी हायब्रिड सायकलवर नियमितपणे यवतेश्वर घाट चढतो आणि सुट्टीच्या दिवशी कास किंवा ठोसेघरकडे जातो. आता ग्रॅव्हल सायकल (डांबरी तसेच कच्च्या, खडीच्या रस्त्यांवर चालणारी सायकल) घ्यायचे ठरवले आहे. एकाच फ्रेमचे दोन प्रकार समोर आहेत, एक केबलवर चालणाऱ्या गिअरचा आणि दुसरा इलेक्ट्रॉनिक गिअरचा. दुसऱ्यासाठी जी जास्तीची रक्कम मोजावी लागते, तीत उत्तम टायर आणि हलकी चाके सहज येतील. मी पावसाळ्यातही सायकल बंद ठेवत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या चिखलात आणि चढांवर कोणता प्रकार अधिक टिकेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (सांगली, सायकल दुरुस्तीचा व्यवसाय)

पावसाळ्यात सायकल चालवणार असाल, तर केबल नेमकी कुठे त्रास देते हे आधी समजून घ्यावे. मोठ्या चक्राकडे जाताना तुमचे बोट केबल ओढते, परंतु लहान चक्राकडे परतताना डिरेलरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) फक्त त्याच्या स्प्रिंगचा आधार असतो. कासच्या जांभ्याची लाल माती किंवा आमच्याकडची उसाच्या रानातली काळी माती आउटरमध्ये, म्हणजे केबलवरच्या आवरणात शिरली, की केबल जड होते आणि सर्वांत आधी ही परतीची हालचाल मंदावते. गिअर अर्धवट बसून खडखडू लागला, की बहुतेक जण डिरेलरचे स्क्रू फिरवत बसतात, पण खरा दोष आउटरच्या शेवटच्या तुकड्यात असतो. तो तुकडा आणि आतली वायर बदलली, की काम होते. त्याला फारसा खर्च येत नाही आणि ही दुरुस्ती कोणत्याही तालुक्याच्या गावी होऊ शकते.

शिफ्टरच्या (हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या खटक्याच्या) आत केबल जिथे वळते, तिथे तिचे बारीक तंतू एकेक करून तुटत जातात, ही दुसरी जागा. त्यामुळे रोजच्या वापरात वायर तुटण्याची वाट न पाहता दर पावसाळ्यानंतर ती बदलून घ्यावी. तुटलेले टोक शिफ्टरमध्ये अडकले, तर ते काढण्यात बराच वेळ जातो.

उत्तर २ (सातारा)

वरील माहिती अचूक आहे, परंतु इलेक्ट्रॉनिकची बाजूही नीट मांडली जावी असे मला मनापासून वाटते. २००९ मध्ये शिमानो कंपनीने डीआय२ हे आपले इलेक्ट्रॉनिक गिअर आणले, तेव्हा ते केवळ शर्यतीच्या महागड्या सायकलींवर होते. २०२२ मध्ये ते शिमानोच्या ‘१०५’ या मधल्या दर्जाच्या मालिकेत आले आणि २०२३ मध्ये स्रॅम कंपनीने एपेक्स या तुलनेने स्वस्त मालिकेत बिनतारी गिअर दिले. चिखलाने जड होणारी केबल यात नाही, म्हणून एकदा बसवलेली जुळणी महिनोन्‌महिने हलत नाही. २०० किंवा ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीत) बोटे बधिर झाल्यावर, विशेषतः पुढचा गिअर बदलताना, याचे मोल कळते.

बॅटरीची धास्ती मात्र गरजेपेक्षा अधिक बाळगली जाते. डीआय२ एका चार्जिंगमध्ये साधारण १००० किलोमीटर चालते आणि बॅटरी उतरू लागली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, त्यामुळे मागच्या गिअरवर घरी पोहोचता येते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सायकल धुणे तेवढे टाळावे.

उत्तर ३ (वाई)

दोन्ही उत्तरे वाचली, पण चढाचा मुद्दा मागेच राहिला. यवतेश्वर असो वा आमचा पसरणी घाट, तिथे तुम्हाला तारणारी गोष्ट म्हणजे सर्वांत हलका गिअर. पुढे (पेडलच्या चक्राला) ३४ आणि मागे (चाकाच्या चक्राला) ३४ दात असतील, तर पेडलच्या एका फेरीला चाक एक फेरी घेते, म्हणजे सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. पुढे ३० आणि मागे ३६ असतील, तर तेच अंतर पावणेदोन मीटरवर येते, आणि सामान लादलेल्या सायकलवर हा फरक गुडघ्यांना लगेच जाणवतो. तुमच्या दोन पर्यायांत दातांची संख्या वेगळी असेल, तर माझ्या मते निर्णय तिथेच व्हावा.

शिवाय सायकल उजव्या कुशीवर पडली, की वाकतो तो हँगर, म्हणजे मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. तो वाकलेला असताना मोटर असो वा केबल, गिअर नीट बसणार नाही. सायकलसोबत त्याच फ्रेमचा एक जादा हँगर मागून घ्यावा. नुसती केबल असलेला डिरेलर मोडला तर नवा परवडतो. मोटर असलेला घेताना मात्र पुन्हा हात आखडावा लागतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. केबलच्या प्रकारात पुढे ३० दात आहेत, इलेक्ट्रॉनिकमध्ये ४० दातांचे एकच चक्र आहे. त्यामुळे माझा कल केबलकडे झुकला आहे. फक्त या फ्रेममध्ये केबल हँडलखालून थेट आत जातात, त्याची काही अडचण येईल का?

उत्तर १ (सांगली)

येऊ शकते. आउटर हेडसेटमधून (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या भागातून) आत जात असेल, तर आतली वायर बदलणे सोपे राहते, पण आउटर बदलताना अनेकदा ब्रेकची नळीही सोडवावी लागते आणि मजुरी वाढते. केबल फ्रेमच्या खालच्या नळीच्या बाजूने आत जात असेल, तर निर्धास्तपणे घ्या. दुकानात सायकल प्रत्यक्ष पाहताना हँडल पूर्ण डावीकडे व उजवीकडे वळवून केबल ताणली जात नाही ना, हेही तपासा.