मदत हवी आहे: सभा मराठीत झाली, मजकूर हिंदीत येतोय

विंग_बी_४०२
सोसायटीच्या वार्षिक सभेचं रेकॉर्डिंग आहे, इतिवृत्त उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय. मशीनमधून मजकूर काढला तर निम्मा हिंदी, मध्येच पाऊण पान नुसतं 'धन्यवाद धन्यवाद'. लवकर सांगा.

माईकवाला
मशीन म्हणजे कोणतं? फाईल केवढी? फोन कुठे ठेवला होता?

दादर_पश्चिम
एवढं कशाला? रेकॉर्डिंग स्पीकरवर लावा, समोर दुसऱ्या फोनवर जीबोर्ड कीबोर्डचा माईक दाबा. मराठी झकास लिहितो.

माईकवाला
ते मेसेज बोलून लिहायला ठीक. बोलणारा जरा थांबला की माईक बंद. वर स्पीकरमधून पुन्हा माईकमध्ये, म्हणजे खोलीचा घुमारा दोनदा.

विंग_बी_४०२
व्हिस्पर, आवाजावरून मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर. १ तास ५० मिनिटं. फोन टेबलावर, पंखा चालू.

गट्टू
मॉडेल कोणतं, स्मॉल की लार्ज? भाषा निवडलीत की ऑटो?

विंग_बी_४०२
स्मॉल. भाषा निवडायची असते?

गट्टू
तिथेच घोळ. ऑटोवर ते पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवतं. तेवढ्यात खुर्च्या सरकल्या, लोकलचा भोंगा वाजला आणि कुणी 'चलो, शुरू करते हैं' म्हणालं, की पुढची सगळी फाईल हिंदी समजून लिहिणार. भाषा मराठी द्या. काम 'ट्रान्स्क्राइब' ठेवा, 'ट्रान्सलेट' केलंत तर इंग्रजी हातात पडेल.

स्मॉल २४.४ कोटी पॅरामीटरचं (म्हणजे मॉडेलने शिकलेले आकडे), लार्ज सुमारे १५५ कोटींचं. मराठीला हा फरक चांगलाच जाणवतो. लार्जला सुमारे १० जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. नसेल तर रात्री लावून झोपा.

'धन्यवाद'चं कारण वेगळं. आवाज ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत ऐकला जातो आणि मागच्या तुकड्याचा मजकूर पुढच्याला संदर्भ म्हणून जातो. शांततेत ते काहीतरी रचतं, मग स्वतःचंच वाचून तेच घोकत बसतं. तो संदर्भ बंद करा, शांत जागा व्हीएडीने (बोलणं कुठे आहे ते ओळखणारी सोय) आधीच गाळा.

कानसेन
त्याआधी नॉइज रिमूव्हल. पंखा काढल्याशिवाय काही खरं नाही.

माईकवाला
अजिबात नको. स, श, फ ओळखू येतात ते वरच्या पट्टीतल्या फुसफुशीवरून. पंख्यासोबत तीही खरवडली जाते. मॉडेल गोंगाटासकटच शिकलंय.

कानसेन
हलकं केलं तर चालतं.

माईकवाला
पाच मिनिटांचा तुकडा दोन्ही प्रकारे चालवून बघा, मग बोलू.

उपविधी
रेकॉर्डिंगची कल्पना सभासदांना दिली होती का? आणि इतिवृत्त शब्दशः लागतंच कुठे? ठराव, सूचक, अनुमोदक लिहा.

दादर_पश्चिम
+१. पार्किंगचं काय ठरलं?

विंग_बी_४०२
मराठी आलं!! पण 'सिंकिंग फंड'चा 'शिंकिंग फंड' झालाय. आणि कोण बोललं ते कळत नाही.

गट्टू
असे शब्द सुरुवातीच्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला आधी देतो त्या मजकुरात, द्या.

माईकवाला
संदर्भ बंद करायला तुम्हीच सांगितलंत ना? मग तो प्रॉम्प्ट पहिल्या तुकड्यापुरताच. सरळ शोधा-बदला करा.

कोण बोललं हे व्हिस्पर सांगतच नाही. त्याला डायरायझेशनचं, म्हणजे कोणता आवाज कोणाचा ते वेगळं करणारं, वेगळं मॉडेल लागतं, आणि एका माईकवर चौघं एकदम भांडले की तेही गडबडतं. उद्याचीच मुदत आहे तर मिनिट-सेकंदांचे आकडे मजकुरात राहू द्या, ठरावांच्या तेवढ्या जागा ऐका, नावं हाताने घाला.

गट्टू
हो, प्रॉम्प्टचं माझं चुकलं.

उपविधी
परवानगीचं विचारलं होतं.