भाड्याचे पेंटबॉल मार्कर .६८ वरून .५० वर न्यावेत का?

मैदानवाला: लोणावळ्याजवळ आमचं मैदान आहे. मार्कर (रंगाच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुका) सगळे टिपमन ९८ मॉडेलचे, .६८ चे, म्हणजे .६८ इंच व्यासाच्या गोळीचे. आता शाळकरी मुलं जास्त येतात, दंडावर वळ उठतात, आया घाबरतात. नुसती नळी बदलून भागेल का?

सर्व्हिसकाका: नाही भागणार, दादा. १७.३ मिमीच्या (.६८) जागेत १२.७ मिमीची (.५०) गोळी सोडली की एकदम दोन उतरतात आणि बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा दांडा) त्या आतच फोडतो. नळी, बोल्ट आणि फीडनेकचा (गोळ्या आत उतरतात त्या तोंडाचा) अडॅप्टर, सगळं तुमच्याच मॉडेलचं घ्या. पण करा नक्की! .६८ ची गोळी साधारण ३ ग्रॅमची, .५० ची सव्वा ग्रॅमच्या आसपास. वेग तोच ठेवला तरी मार निम्म्याहून कमी बसतो.

सह्याद्री_पेंटबॉल: पल्ला घटतो, वाऱ्यात गोळी भरकटते. मोठ्यांसाठी काही .६८ चे ठेवाच.

मैदानवाला: मग लहानग्यांना मास्कची सक्ती थोडी सैल चालेल?

सर्व्हिसकाका: अजिबात नाही. डोळ्याला .५० सुद्धा घातकच. मैदानात मास्क कुणीच काढायचा नाही. खेळाआधी प्रत्येक मार्कर क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) तपासा. आणि पावसाळ्यात गोळ्यांची पिशवी उघडी टाकू नका, जिलेटिनचं कवच दमट हवेत फुगतं, मग गोळी नळीतच फुटते.