पश्चिमेची गॅलरी: वारा हवा, पाऊस नको

प्रश्न: ठाण्यात एकविसाव्या मजल्यावर राहतो. वारा झकास, पण जुलैत पाणी थेट सोफ्याखाली. आई म्हणते, काच लावून टाक. दुसरा उपायच नाही का?

उत्तर: आहे, पण तो इमारतीच्या नकाशातच हवा. मुंबईत कंबाला हिलवरची कांचनजंगा ही इमारत बघा. वास्तुकार चार्ल्स कोरियांची, १९८३ची, २८ मजली. समुद्राचा वारा पश्चिमेचा. झोडपणारा पाऊस नि दुपारचं ऊनही तिकडूनच. म्हणून कोपऱ्यात दोन मजले उंच, खोल गॅलऱ्या, खोल्या त्यांच्या मागे. जुन्या बंगल्याचा व्हरांडाच, वर चढवलेला! तुमची किती खोल?

प्रश्नकर्ता: चार फूट. त्यात वॉशिंग मशीन.

दुसरं उत्तर: मग काच नकोच, उकडून निघाल. आम्ही जूनमध्ये जाड ताडपत्री लावतो, खालून दोरीने आवळून. दिसते भिकार, पण सोफा कोरडा.