तिसरी-चौथीच्या मुलांना बास्केटबॉलमधला पास खेळातून कसा शिकवायचा?

सिडकोच्या बाई:

नमस्कार. नाशिकला सिडकोतल्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. खेळाचे सर वरच्या वर्गांना आहेत. तिसरी-चौथीचा खेळाचा तास आम्ही वर्गशिक्षकच घेतो. यंदा शाळेत बास्केटबॉलचे काही चेंडू आले आणि मुलांना दुसरं काही सुचत नाही. मैदान मुरमाचं, एका टोकाला एकच बोर्ड, आणि वर्गात चाळीस पोरं.

अडचण पासची आहे. दोन रांगा समोरासमोर उभ्या करून छातीपासून पास कसा द्यायचा ते मी शिकवलं. रांगेत सगळे व्यवस्थित देतात. पण संघ पाडून खेळायला सोडलं की ज्याच्या हाती चेंडू लागला तो पोटाशी कवटाळून उभा राहतो, बाकीचे त्याच्याभोवती गोळा होतात आणि "मला दे, मला दे" असा नुसता गलका. दोन-तीन धीट मुलं अख्खा तास खेळतात. काही मुली तर चेंडू येताना दिसला की तोंड फिरवतात. गेल्या तासाला एक जण मला म्हणाली, "बाई, मी नुसतीच पळत होते." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

मला स्पर्धेसाठी संघ काढायचा नाही. सगळ्यांच्या हातात चेंडू यावा आणि तो दुसऱ्याला द्यावासा वाटावा, एवढंच हवंय. असे खेळ कुणाला माहीत आहेत का?

इंदिरानगरचा बाबा:

बाई, आधी चेंडूवर छापलेला नंबर बघा. ७ नंबरचा असेल तर तो मोठ्या पुरुषांचा आहे, सुमारे ६०० ग्रॅम वजनाचा. आठ वर्षांच्या मुलाच्या छातीवर तो आला तर तोंड फिरवणारच की. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलला ५ नंबरचा असतो, घेर ६९ ते ७१ सेंटिमीटर आणि वजन ५०० ग्रॅमच्या आत. माझ्या मुलाला चेंडू बदलून दिला आणि त्याची अर्धी भीती गेली. ५ नंबरचे पुरेसे नसतील तर साधे रबरी चेंडू चालतील.

जुना गार्ड, नाशिकरोड:

बाई, त्या मुलीचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. कॉलेजात बास्केटबॉलमध्ये गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेऊन पास देणाऱ्याच्या जागी, खेळायचो, आता संध्याकाळी आमच्या भागातल्या लहान मुलांना शिकवतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: पास देणाऱ्याला नंतर शिकवा, आधी घेणाऱ्याला शिकवा.

रांगेत पास जमतो, कारण घेणारा समोर उभा असतो, तयार असतो, आणि मध्ये कुणी नसतं. सामन्यात चेंडूवाला मान वर करतो तेव्हा त्याला काय दिसतं? हाताच्या अंतरावर ओरडणारी दहा तोंडं. तो चेंडू दाबून धरतो तो हावरेपणाने नाही. द्यायला मोकळं कुणी दिसतच नाही. म्हणून खेळ असे निवडायचे की ज्यात घेणाऱ्याला काम आहे: मोकळं होणं, हात दाखवणं, नाव घेऊन मागणं.

सुरुवातीचे काही आठवडे ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं, पूर्ण बंद ठेवा. मुलं कुरकुर करतील. त्यांना खरी गोष्ट सांगा. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ तयार केला तेव्हा ड्रिबल नव्हताच. त्याच्या १३ नियमांत स्पष्ट होतं की चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच टाकायचा. चेंडू पुढे न्यायला पास हा एकच मार्ग होता. आणि पहिला सामना झाला तो फुटबॉलच्या चेंडूने, पीचच्या टोपल्या टांगून. त्यामुळे चेंडू कमी असतील तर फुटबॉल, व्हॉलीबॉल, रबरी, जे असेल ते काढा. आमची मुलं ही गोष्ट ऐकली की "आज जुना बास्केटबॉल" म्हणून स्वतःच मागतात.

आता खेळ. सगळ्यात आधी विषामृत, जे तुमच्या प्रत्येक मुलाला येतं. मैदानाच्या एका भागाला फक्की मारून चौकोन करा. राज्य तिघांवर. तीन-चार चेंडू पळणाऱ्यांकडे. ज्याला विष मिळालं तो जागीच थांबतो, पाय हलवायचे नाहीत, पण दोन्ही हात छातीसमोर, बोटं पसरलेली, तळवे चेंडूकडे. आणि ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला नावाने हाक मारायची. "मला दे" म्हटलं तर पास मिळत नाही. चेंडूवाला चार पावलांवर येऊन पास देतो, विषवाला झेलतो, परत देतो, अमृत. सुटला तर पुन्हा.

हा खेळ मी सर्वांत आधी का घेतो ते सांगतो. चेंडूला घाबरणारं मूल इथे उभं असतं, पळापळीत नसतं, आणि चेंडू त्यानेच मागितलेला असतो. जो चेंडू आपण नाव घेऊन मागवला त्याच्याकडे मूल डोळे उघडे ठेवून बघतं. न मागता अंगावर आलेल्या चेंडूला ते तोंड फिरवतं. चेंडूवाल्यालाही मान वर करून शोधावं लागतं की कोण अडकलंय. सुटका होते ती पास नीट गेला तरच, म्हणून जोरात फेकणारी मुलंसुद्धा आपोआप हळू देऊ लागतात. तुमच्या ओरडण्याने ते होणार नाही.

हे मुरलं की चेंडूची पकडापकडी. राज्य तिघांवर, त्यांच्यात एक चेंडू. बाकीचे पळतात. बाद करायचं ते चेंडू हातात धरून टेकवून, फेकून मारायचं नाही (आबाधुबीची सवय असते, पहिल्याच दिवशी बजावा). चेंडू हातात असताना पाऊल टाकायचं नाही. मग करायचं काय? बिनचेंडूच्या जोडीदाराने पळणाऱ्याच्या जवळ जाऊन हात दाखवायचा, चेंडू तिथे पोचवायचा आणि टेकवायचा. बाद झालेला राज्यात सामील. पहिल्या वेळी तिघंही चेंडूभोवती घोटाळतात आणि कुणीच बाद होत नाही. तेव्हा खेळ थांबवून एकच प्रश्न विचारा: "चेंडू कुणाजवळ असायला हवा होता?" उत्तर मुलंच देतात. चेंडूपासून दूर पळायचं म्हणजे चेंडू आपल्याकडे येतो, हे आठ वर्षांच्या मुलाला फळ्यावर समजावता येत नाही. इथे पायांना समजतं. पण चौकोन लहान ठेवा, नाहीतर पळणारे सापडतच नाहीत.

मग बाहेर चार, मध्ये एक. बाहेरचे चौघं एकमेकांना पास देतात, मधला चेंडू अडवतो. हा सगळ्यांना माहीत आहे, जास्त लिहीत नाही. फक्त चेंडूवाल्याच्या शेजारच्या दोघांना मधल्याच्या आडून बाजूला सरकायला सांगा.

शेवटी सामना, पण चार विरुद्ध चार, बोर्ड नको. सलग पाच पास म्हणजे एक गुण. ज्याने दिला त्यालाच लगेच परत दिला तर तो पास मोजायचा नाही. या एका नियमाने दोन दोस्तांचं आपापसातलं देणंघेणं बंद होतं आणि तिसरा शोधावाच लागतो. "सगळ्यांचा हात लागल्याशिवाय गुण नाही" हा नियम काही जण वापरतात. मी वापरत नाही. त्यात बुजऱ्या मुलाला पास मिळतो तो उपकार म्हणून, आणि ते त्याला कळतं. चारच्या संघात त्याची गरजच पडते.

पंचवटीचे क्रीडाशिक्षक:

खेळ छान आहेत, पण मला एक धोका दिसतो. नुसत्या खेळात मुलं एका हाताने भिरकावतात, कोपरं बाहेर काढतात, आणि पाचवी-सहावीत ती सवय मोडताना आमचा जीव जातो. रांगेचा सराव अगदी सोडू नये.

जुना गार्ड, नाशिकरोड:

सर, चिंता रास्त आहे. सराव मीही घेतो, फक्त खेळाच्या आधी नाही, मध्ये घेतो. चेंडू सारखे सुटायला लागले की दोन मिनिटं थांबायचं, जोड्या करायच्या, तीन-चार पावलांचं अंतर, आणि एकच गोष्ट सांगायची. एका दिवशी झेलणं: चेंडू कमरेच्या वर आला तर बोटं आभाळाकडे, खाली आला तर जमिनीकडे, आणि बोटं चेंडूकडे ताठ रोखायची कधीच नाहीत, मुरगळतात. दुसऱ्या दिवशी देणं: दोन्ही हात, एक पाऊल पुढे, सोडल्यावर अंगठे जमिनीकडे. की लगेच परत खेळ. आत्ताच चेंडू सुटलेला असतो, म्हणून मुलं ऐकतात. तासाच्या सुरुवातीला हेच सांगितलं तर त्यांचं लक्ष चेंडूंच्या पिशवीकडे असतं.

सिडकोच्या बाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. चेंडू ७ नंबरचेच निघाले. मुख्याध्यापकांशी बोलले आहे, तोवर रबरी चेंडू काढलेत. शनिवारी विषामृत घेतलं. तोंड फिरवणाऱ्या मुलींपैकी दोघी मोठमोठ्याने नावं घेऊन चेंडू मागत होत्या, माझा विश्वास बसेना. पण एक गंमत झाली: पास मिळतो म्हणून काही मुलं मुद्दाम विष घेऊ लागली! हे थांबवू का?

आणि टप्पा पास, म्हणजे जमिनीवर एक टप्पा पाडून दिलेला, या मैदानावर जमत नाही. चेंडू खड्यावर पडून भलतीकडे जातो.

जुना गार्ड, नाशिकरोड:

मुद्दाम विष घेतात? घेऊ द्या, बाई! चेंडू झेलावासा वाटतोय, यापेक्षा चांगलं काय हवं. फार झालं तर राज्यवाल्यांना आव्हान द्या की सगळे एकाच वेळी विष झाले तर तुम्ही जिंकलात. मग पळणारे स्वतःच एकमेकांना रागावतील.

टप्पा पास मुरमावर शिकवू नका, मुलांचा विश्वास उडतो. शाळेत व्हरांड्यासमोर फरशी किंवा सिमेंटचा पट्टा असेल तर आळीपाळीने पाच-सहा जोड्या तिकडे पाठवा. दोघांच्या मधल्या अंतराचे तीन भाग कल्पा आणि देणाऱ्यापासून दोन भाग संपतात तिथे खडूने फुली मारा. टप्पा त्या फुलीवर पडला की चेंडू झेलणाऱ्याच्या कमरेशी येतो. अगदी मध्यावर पाडला तर उंच आणि संथ येतो, सामन्यात मधला सहज उचलतो. फुलीच्या अलीकडे, देणाऱ्याच्या बाजूला, एक मूल आडवे हात करून उभं करा म्हणजे टप्पा पास कशासाठी असतो ते कळेल: हातांखालून जाण्यासाठी.

अजून एक. डिसेंबर-जानेवारीत तुमचा तास सकाळचा असेल तर आपल्याकडच्या थंडीत बोटं आखडलेली असतात आणि तोच चेंडू जास्त लागतो. त्या दिवसांत आधी बिनचेंडूचं विषामृत घ्या, अंग तापलं की चेंडू काढा. चेंडूतली हवाही थोडी कमी ठेवा.