झेड-व्हीएमवर प्रोसेसर ९५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर लिनक्स गेस्ट का मंदावतात?

प्रश्न (पणजी)
नमस्कार. आमच्या संस्थेची खातेविषयक कामे मेनफ्रेमच्या एका एलपारमध्ये (यंत्राच्या स्वतंत्र विभागात), झेड-व्हीएम या अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीखालच्या लिनक्स गेस्टवर (आभासी यंत्रांवर) होतात. एलपारला ४ आयएफएल (लिनक्ससाठी राखीव प्रोसेसर) आहेत आणि प्रत्येक गेस्टला ४ आभासी सीपीयू दिलेले आहेत. चतुर्थीच्या आधी पगार आणि आगाऊ रकमा एकदम जमा होत असल्यामुळे आयएफएलचा वापर ९५ टक्क्यांच्या पुढे जातो आणि नेमक्या त्याच वेळी ऑनलाइन व्यवहारांचा प्रतिसाद कित्येक पटींनी लांबतो. गेस्टमध्ये टॉप ही वापर दाखवणारी आज्ञा चालवून पाहिल्यास मात्र वापर ६० टक्क्यांच्या आसपासच दिसतो. मेनफ्रेम शंभर टक्क्यांवर चालवण्यासाठीच असतो, तेव्हा दोष ॲप्लिकेशनमध्ये शोधावा, असे वरिष्ठ म्हणतात. हे कितपत बरोबर आहे?

उत्तर (मडगाव)
वरिष्ठांचे म्हणणे झेड-ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीच्या अनुभवातून आलेले दिसते आणि तिथे ते बऱ्याच अंशी खरेही आहे. तिथला वर्कलोड मॅनेजर कामांचे महत्त्व पाहून बॅचला (गठ्ठ्याने चालणाऱ्या कामांना) मागे ठेवतो. म्हणून प्रोसेसर पूर्ण भरला तरी थांबते ते कमी महत्त्वाचे काम. झेड-व्हीएममध्ये ही निवड शेअरवरून (गेस्टला ठरवून दिलेल्या प्रोसेसरच्या वाट्यावरून) होते आणि आपण काही बदलले नसेल, तर प्रत्येक गेस्टला सापेक्ष शेअर १०० असतो. म्हणजे चढाओढीच्या वेळी पगाराचा बॅच गेस्ट आणि ऑनलाइन गेस्ट एकाच पंगतीला बसतात.

रांगेचे गणितही लक्षात घ्यावे. एकाच प्रोसेसरचा साधा नमुना धरला, तर ८० टक्के वापरावर एकूण प्रतिसाद प्रत्यक्ष कामाच्या वेळेच्या ५ पट आणि ९० टक्क्यांवर १० पट होतो. चार प्रोसेसरना एकच रांग असेल, तर ९० टक्क्यांवर तो सुमारे तिप्पटच राहतो, पण त्यापुढे तोही झपाट्याने वाढतो. टॉपमधला ‘एसटी’ हा आकडा पाहिलात का? गेस्टला काम करायचे होते, परंतु खरा प्रोसेसर मिळाला नाही, असा वेळ तिथे जमा होतो.

उत्तर (वेर्णे)
एक पुस्ती जोडतो. वापर वाढला की प्रत्येक व्यवहाराचा सीपीयू खर्चही थोडा वाढतो, कारण एकाच प्रोसेसरवर अनेक गेस्ट आलटून पालटून येतात आणि कॅशमधली (प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीतली) आधीची माहिती टिकत नाही. काम शक्यतो त्याच प्रोसेसरवर ठेवणारी हायपरडिस्पॅच ही सोय याचसाठी आहे. झेड-व्हीएममध्ये ते ६.३ या आवृत्तीपासून आले. शिवाय स्पिन लॉक (सामायिक माहिती एका वेळी एकानेच हाताळावी म्हणून असलेले कुलूप) धरून बसलेला आभासी सीपीयूच बाजूला काढला गेला, तर त्या लॉकसाठी ताटकळणारे इतर सीपीयू अडकतात. लिनक्स अशा वेळी आपला वाटा लॉकधारकाला देऊ करतो, पण नुकसान पूर्ण भरून निघत नाही. इतर एलपारही भरलेले असतील आणि आपले आयएफएल त्यांच्याशी सामायिक असतील, तर आपल्या वेटपुरतेच (एलपारला ठरवून दिलेल्या वाट्यापुरतेच) हमखास मिळते, हेही तपासावे.

प्रश्नकर्ता (पणजी)
आभार. ‘एसटी’ ३० टक्क्यांच्या आसपास आहे आणि शेअर सर्व गेस्टना सारखाच आहे. ऑनलाइन गेस्टचे आभासी सीपीयू कमी केले तर चालेल का?

उत्तर (मडगाव)
त्या गेस्टला ऐन गर्दीतही दोनपेक्षा जास्त सीपीयू लागत नसतील, तर जरूर कमी करावेत. गेस्टचा शेअर त्याच्या आभासी सीपीयूंमध्ये विभागला जातो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही: १०० चे चार भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला २५ येतात, दोन केले की ५०. त्याबरोबर ऑनलाइन गेस्टचा शेअर वाढवावा.

यातून नवी क्षमता मात्र निर्माण होत नाही. जो वेळ ऑनलाइनला मिळेल तो बॅचचा कमी होईल. बॅच पहाटेपर्यंत संपणे बंधनकारक असेल, तर त्याची वेळ बदलावी किंवा आयएफएल वाढवण्याचा प्रस्ताव ठेवावा. प्रस्तावात केवळ ९५ टक्के हा आकडा देऊ नये, कारण प्रोसेसर पूर्ण भरल्यावर आणखी किती काम रांगेत आहे, हे वापराच्या आलेखात दिसत नाही. त्यासाठी झेड-व्हीएमच्या परफॉर्मन्स टूलकिट या मोजमापाच्या साधनामधून गेस्ट सीपीयूच्या प्रतीक्षेत किती वेळ होते ते काढावे आणि व्यवहारांच्या प्रतिसादाच्या नोंदींशेजारी मांडावे.