सहा आसनी उलांडीच्या होडीचा क्लब: शर्यतीचा संघ आधी निवडावा की सभासद आधी जोडावेत?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर पोहायला जमणाऱ्या आम्ही काही जणांनी वर्गणी काढून सहा आसनी उलांडीची होडी करून घेतली आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मासेमारी होड्यांची उलांडी, म्हणजे तोल राखण्यासाठी बाजूला बांधलेला तरंगता ओंडका, आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल; आमची होडी मात्र हवाई, ताहिती आणि न्यूझीलंड येथील शर्यतीच्या धाटणीची, म्हणजे अरुंद आणि १३ मीटरहून थोडी अधिक लांब आहे. डाव्या अंगाला दोन आडव्या दांड्यांनी उलांडी बांधलेली असते, सहाही जण पुढे तोंड करून एकेरी पात्याचे वल्हे मारतात आणि सर्वांत मागे बसलेला सुकाण्या वल्ह्यानेच दिशा राखतो.

होडी एकच असल्यामुळे आमच्यात दोन मते पडली आहेत. काहींचे म्हणणे असे, की सहा दमदार गडी निवडावेत, सकाळ-संध्याकाळ होडी त्यांनाच द्यावी आणि क्लबाचे नाव आधी शर्यतीत गाजवावे. उरलेल्यांना वाटते, की घरच्या बायका, मुले आणि निवृत्त मंडळी यांना पहिल्या दिवसापासून वल्हे हातात मिळाले पाहिजे. चर्चेला आता कडवटपणा येऊ लागला आहे, म्हणून ज्यांना अशा क्लबाचा अनुभव आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मंगळवार पेठकर

माझे मत स्पष्ट आहे. सभासद आधी जोडावेत, आणि तेही शर्यती जिंकण्यासाठीच.

नोकरीनिमित्त ऑकलंडला असताना मी तेथील एका क्लबात वल्हे मारत असे. न्यूझीलंडमध्ये या खेळाला वाका आमा म्हणतात, आणि त्याची राष्ट्रीय स्प्रिंट स्पर्धा जानेवारीत कारापिरो सरोवरावर भरते. तेथे प्राथमिक शाळेतल्या मुलांपासून ७० वर्षांच्या आजी-आजोबांपर्यंत वयाप्रमाणे गट असतात. हवाईतील उन्हाळी शर्यतींत तर गुणांची पद्धतच अशी आहे, की १२ वर्षांखालील मुले, नवशिके, मिश्र संघ आणि ज्येष्ठ यांच्या गटांतले क्रमांकही क्लबाच्या एकूण गुणांत धरले जातात. त्यामुळे एकच जबरदस्त संघ बाळगणारा क्लब दिवसअखेर मागे राहतो आणि घरादारासह उतरणारा क्लब चषक घेऊन जातो. लांब पल्ल्याचेही तेच आहे. हवाईतल्या मोलोकाई बेटापासून ओआहू बेटापर्यंतची समुद्रातली शर्यत १९५२ पासून होते. तिच्या पारंपरिक पद्धतीत सहा जणांखेरीज राखीव वल्हेकरी सोबतच्या बोटीत असतात, ते पाण्यात उडी घेतात आणि चालत्या होडीत चढून थकलेल्यांची जागा घेतात. याच सामुद्रधुनीत बायकांची स्वतंत्र शर्यत सुरू व्हायला मात्र १९७९ साल उजाडावे लागले. आपण नव्याने सुरुवात करत आहात, तेव्हा आपल्या आयाबहिणींना तेवढे थांबवण्याचे काहीही कारण नाही.

शिवाय हा खेळ ताकदीइतकाच लय जुळण्याचा आहे. पहिल्या आसनावरचा लय धरतो, मागचे त्याच्याच क्षणी पाते पाण्यात घालतात, आणि दर १२ ते १६ हातांनंतर होडीतून एक हाक येते, तिच्यावर सर्वांनी एकदम बाजू बदलायची असते. सहा पैलवान आपापल्या मनाने ओढू लागले, तर होडी नुसती हिसके खाते. ही लय घट्ट बसायला सहापेक्षा बऱ्याच अधिक माणसांत आलटूनपालटून बसावे लागते, कारण रोज तेच सहा जण बसले की एकमेकांचे दोष अंगवळणी पडतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

क्लब कसा घडतो, ते मला होडीला उलांडीच्या दांड्या बांधताना पाहायला मिळाले. वाहतुकीसाठी दांड्या सोडाव्या लागतात आणि पाण्यावर पोचल्यावर पुन्हा बांधाव्या लागतात. ऑकलंडच्या आमच्या क्लबात त्यासाठी टायरच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या असत. एकाने दांडी दाबून धरायची, दुसऱ्याने पट्टी शक्य तितकी ताणून वेढा द्यायचा, आणि तिसऱ्याने प्रत्येक वेढ्यावरून अंगठा फिरवून सैल जागा शोधायची. ती सापडली, की सगळे वेढे उलगडून पुन्हा पहिल्यापासून. शाळकरी मुली आणि निवृत्त गृहस्थ हे काम शेजारी बसून करत. जो होडी बांधायला आणि उचलायला येत नसे त्याला शर्यतीत आसन मिळत नसे, मग त्याचे दंड कितीही भरलेले असोत. आपल्याकडेही पाटाकडील, खंडोबा किंवा दिलबहार तालमीचा फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतो तेव्हा त्या अकरा जणांमागे सगळी पेठ उभी असते, आणि संघ टिकतो तो त्या पेठेमुळे. मला आपल्या होडीमागे तशी पेठ हवी आहे.

कृष्णाकाठचा सांगलीकर

पेठकर साहेबांशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र एका बाबतीत माझा आग्रह वेगळा आहे. समोर शर्यत नसेल, तर सगळ्यांसाठी खुला असलेला क्लब काही महिन्यांत रविवारची सहल होऊन बसतो. आमच्या सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, आणि त्या तारखेच्या धाकाने माणसे सरावाला वेळेवर येतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आपल्याकडे होडी एकच असली, तरी शर्यत अडत नाही. ५०० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना निशाणे लावावीत, सभासदांच्या मिश्र तुकड्या पाडाव्यात आणि दर महिन्याला घड्याळावर वेळ घेऊन ती सर्वांसमोर फळ्यावर लिहावी. त्यातून दमदार सहा जण आपोआप दिसतील, आणि ते कोणी आधी ठरवून नेमले, अशी तक्रार राहणार नाही. निशाणाला वळसा मात्र नेहमी डावीकडून घालण्याचा सराव करावा, म्हणजे उलांडी वळणाच्या आतल्या बाजूला राहते.

जलतरण शिक्षिका, राजारामपुरी

संघ निवडण्याआधी होडी उलटल्यावर काय करायचे, ते प्रत्येकाला आले पाहिजे, आणि यात लहानमोठा असा भेद करू नये. ही होडी बहुतेक वेळा उजवीकडे कलंडते, कारण उजव्या अंगाला वजन गेले की उलांडी पाण्यातून उचलली जाते. उलटताच सर्वांनी आपापल्या आसनाचा क्रमांक मोठ्याने पुकारायचा, म्हणजे कोणी खाली अडकले आहे का, ते लगेच कळते. मग काहींनी वल्ही गोळा करायची, मधल्या दोघांनी उलटलेल्या होडीवर चढून दांड्या ओढायच्या, इतरांनी उलांडी खालून वर रेटायची, आणि होडी सरळ झाली की पाणी उपसायचे. ही कवायत ज्याने केली नाही, त्याला शर्यतीत बसवू नये.

पावसाळ्यात पंचगंगेवर सराव पूर्ण बंद ठेवावा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते, पण होडीसाठी त्या आकड्यांची वाट पाहणे चुकीचे आहे. नदी गढूळ होऊन ओंडके वाहू लागले की थांबावे. रंकाळ्यावर परवानगी मिळाली, तर जलपर्णी नसलेला पट्टा निवडावा, कारण उलांडी तिच्यात अडकली की होडी जागीच फिरते.

वाचक, इचलकरंजी

दिव्यांग सभासदांचाही विचार सुरुवातीपासून व्हावा. उलांडीची एक आसनी होडी टोकियो २०२० पॅरालिम्पिकपासून त्या स्पर्धांत आहे. आपल्या प्राची यादव यांनी तेथे व्हीएल-२ या, शारीरिक क्षमतेनुसार पाडलेल्या गटाची अंतिम फेरी गाठली आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत याच प्रकारात रौप्य मिळवले. कंबरेला आधार देणारे आसन बसवले, तर सहा आसनी होडीतही अशा वल्हेकऱ्याला जागा देता येते.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आजच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. आता दिवाळीपर्यंत संघ निवडायचा नाही, होडी उलटण्याची कवायत तलावात प्रत्येकाने करायची आणि त्यानंतर दर महिन्याला मिश्र तुकड्यांची ५०० मीटरची वेळ घ्यायची, असे ठरले आहे. होडी बांधायला येणाऱ्यालाच आसन, हा नियमही सर्वांनी मान्य केला. पेठकर साहेब, त्या पट्ट्या मोटारीच्या ट्यूबच्या असत की ट्रकच्या, आणि साधारण किती रुंद कापत असत, एवढे कृपया कळवावे. आमच्या दोरीचे वेढे पाणी लागले की सैल पडत आहेत.