"सीट वाया घालवली" म्हणणाऱ्यांना

मृण्मयी_बावधन
परवा इथेच एकाने लिहिलं, "सरकारी इंजिनिअरिंगची सीट घेऊन पुढे घरीच बसायचं असेल, तर मुलींनी गरजू मुलाची जागा अडवू नये." खाली शंभरावर अंगठे. दोन दिवस गप्प राहिले, आता लिहितेच.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची. सात वर्षं चाकणला प्लँटवर होते. थोरली पाचाची, धाकटा आता दोनाचा होईल. धाकट्याच्या वेळची २६ आठवड्यांची रजा संपवून रुजू झाले आणि आठ महिने रेटलं. पैशाचं गणित बसत होतं, हे आधीच सांगते. वेळेचं बसत नव्हतं.

पावसाळ्यातली गोष्ट. ११:१० ला पाळणाघरातून फोन, बाळाला ताप आहे, घेऊन जा. शिफ्टचा चार्ज देऊन निघायलाच पाऊण तास गेला. पुढे मोशी, भोसरी, नाशिक फाटा, सगळीकडे गाड्या तुंबलेल्या. पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. ताईंनी मला फोन केला तेव्हाच त्याला बूट घालून ठेवले होते, आई निघाली म्हणून. तीन तास तो बूट घालून दाराशेजारच्या सतरंजीवर पडून होता. उजव्या बुटाचा पट्टा उघडायचा, लावायचा, परत उघडायचा. मला बघून रडलासुद्धा नाही. त्याच महिन्यात राजीनामा दिला.

ह्याला "घरी बसणं" म्हणायचं? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला २९९ मिनिटं भरली, पुरुषाची ९७. त्यात मुलांचं करणं वेगळं मोजलंय.

आणि सीटचंच बोलायचं तर माझ्या वर्गातले अकरा जण अमेरिकेत आहेत, सहा एमबीए करून बँकांत. त्यांच्या सीटा कुणी मोजल्या?

राजस_के
ती पोस्ट माझीच. मागे घेणार नाही.

मुलींसाठी ३० टक्के जागा असतात. माझा सरकारी कॉलेजचा नंबर थोडक्यात हुकला. खासगीत गेलो, फीसाठी बाबांनी गावची पाऊण एकर काढली. विहिरीलगतचा तुकडा होता. अजून गावी गेलो की ते त्या बांधापर्यंत चालत जातात आणि परत फिरतात. मला सर्वेक्षणं सांगू नका. अमेरिकेला गेलेल्यांचंही मला पटत नाही, तेही लिहायला हवं होतं, एवढं मान्य.

स्वाती_हिंजवडी
मृण्मयी, बुटाचं वाचून पोटात कालवलं. तरी सांगते, राजीनामा देता येणं हीसुद्धा चैन आहे. आमच्या फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो. माझ्या मुलीलाही ताप येतो.

आणि तुम्ही घरी असणाऱ्या आया वर्गाच्या ग्रुपवर सकाळी अकराला सगळं ठरवून मोकळ्या होता. पालकसभा गुरुवारी ११ ला. स्नेहसंमेलनाची तालीम दुपारी ३ ला, "आईने सोबत थांबावे." जेवणाच्या सुट्टीत फोन बघते तेव्हा सगळ्यांचे होकार आलेले असतात.

सगळ्यात वाईट म्हणजे शाळेची वेळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय आला, चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नका. आमच्या शाळेने लगेच वेळ बदलली. मी ७:४० ला घर सोडते. मधला सव्वा तास मुलगी कुणाकडे ठेवू?

दीपा_कर्वेनगर
नऊच्या शाळेला नावं ठेवू नका. आमचा सातच्या शाळेत होता तेव्हा रिक्षाकाका ६:२० ला यायचे. डिसेंबरात मिट्ट काळोख. पोरगा डोळे मिटलेलेच, मी त्याचे हात स्वेटरमध्ये घालायचे. शाळेतून निरोप, पहिल्या तासाला पेंगतो. नऊची झाल्यापासून हाच मुलगा घरातून पोळी-भाजी खाऊन जातो. लहान मुलांनी झोपायचं तरी कधी?

स्वाती_हिंजवडी
त्यांनी झोपावं ना. मीही तेच म्हणते. पण कार्यालयं, कंपन्या, बस कुणीच वेळ बदलली नाही. फक्त शाळेची बदलली. म्हणजे घरी एक आई असणारच, हे धरून चाललेत.

अमेय_सिंहगडरोड
शाळांचीही अडचण समजून घ्या. एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. सकाळ दोन तासांनी सरकली तर दुपारच्या मुलांना सोडणार कधी, अंधार पडल्यावर? रिक्षाकाकाही दोन फेऱ्या मारतात म्हणून परवडतं. आमच्या काकांनी दुसरी फेरी बंद केली, आता मी रोज स्कूटरवरून सोडतो.

दीपा_कर्वेनगर
काकांच्या फेरीसाठी पाच वर्षांच्या मुलाला साडेपाचला उठवायचं? धन्य आहे.

अमेय_सिंहगडरोड
असं मी कुठे म्हटलं? रोज सोडतो मी, तुम्ही मला शिकवू नका.

राजस_के
मूळ मुद्दा राहिला बाजूला. शिक्षण घेऊन ते वापरायचं नाही, ह्यावर कुणी बोलतच नाही. स्वातीताई नोकरी करतातच ना? जमवणारीला जमतं.

स्वाती_हिंजवडी
माझं नाव पुढे करून तिला मारू नका. मला जमत नाहीये. सासूबाई आहेत म्हणून घर चाललंय.

राजस_के
म्हणजे सासूला राबवायचं.

स्वाती_हिंजवडी
माझ्या सासूबाईंबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तुम्हाला काय माहीत आहे आमच्या घरातलं?

सुनंदा_सहकारनगर
भांडू नका रे. पण आता विषय निघालाच आहे तर बोलते, कारण आमच्या वयाच्या बायकांना कुणी विचारत नाही.

मी बँकेतून निवृत्त झाले, वय ६४. सकाळी साडेसहाला मैत्रिणींबरोबर तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायचे. नोकरीत कधी जमलं नव्हतं, म्हणून त्याचं फार अप्रूप होतं. सून आठला निघते, शाळा नऊची. तळजाई बंद झाली. नातीवर माझा जीव आहे, ती वेणी माझ्याकडूनच घालून घेते. पण गुडघ्यांनी जिना उतरून तिला फाटकापर्यंत सोडायचं, परत चढायचं, हे मी करते ते "आई, जमेल का?" असं कुणी विचारलं म्हणून नव्हे. गृहीतच धरलं. मुलानेसुद्धा.

मृण्मयी, तू राजीनामा दिलास तो तुझ्या नावावर तरी आहे. आमचा कुठे लिहिलेला नाही.

मृण्मयी_बावधन
काकू, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझ्या आईलाही मी दोन महिने असंच बोलावून घेतलं होतं. संध्याकाळी तिला फोन करते.

स्वाती, चैन म्हणालीस ते लागलं, पण खोटं नाही. माझ्यावर हप्ता नव्हता. अकराच्या सभेचं मात्र आमच्यावर ढकलू नकोस, वेळ शाळा ठरवते. आम्हीही एक मूल कडेवर घेऊनच येतो.

अमेय_सिंहगडरोड
२०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. मृण्मयी, तुमच्याकडे नव्हतं का?

मृण्मयी_बावधन
होतं, कागदावर. करार केलेलं पाळणाघर प्लँटपासून नऊ किलोमीटरवर. चारदा जाऊन दाखवा.

अमेय_सिंहगडरोड
पटलं. मी आमच्या ऑफिसात माझ्या मुलासाठी विचारलं तर उत्तर आलं, "मिसेसच्या कंपनीत बघा." तेव्हापासून मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं.

राजस_के
सगळं वाचलं. कंपन्यांची चूक आहे, मान्य. "अडवू नये" हा शब्द चुकला. पण बाबांची जमीन गेली ती गेलीच, आणि तुमच्या पदवीचा उपयोग काय झाला, हे मला अजून कळलेलं नाही.

मृण्मयी_बावधन
जमिनीचं वाईट वाटलं, मनापासून. फी परवडेल अशा जागा जास्त हव्यात, त्यासाठी मी तुमच्या बाजूने लिहीन. पण त्या वाढवायच्या तर सरकारकडे मागा, माझ्या पोरांच्या आईकडे नको.

घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाला किंमत आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये ठासून सांगितलं. तेही कुठल्या खटल्यात? अपघाताच्या नुकसानभरपाईच्या. बाई गेली, मग तिच्या कामाचे पैसे मोजले. मी जिवंत आहे, म्हणून आत्ता बोलतेय.

राजस_के
बरं.

स्वाती_हिंजवडी
मृण्मयी, बावधनमध्ये सकाळी ७:३० ला मुलं घेणारं कुणी माहीत आहे का? सासूबाईंना विचारलं आज. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, आठवड्यातले तीन दिवस करते, पाच नको.

मृण्मयी_बावधन
आमच्या मागच्या गल्लीत एक ताई घेतात. आज दुपारी जाऊन विचारते आणि तुला निरोप टाकते. मुलीला सकाळी दूध चालतं ना?